धुतलेल्या पानांचा अहवाल

आमच्या सिंकच्या भोकावर कायम एक फडकं असतं. विरलेल्या चादरीचा वीतभर तुकडा, चार कोपऱ्यांवर चार चपटे दगड. एकवीस वर्षांपूर्वी भांडी घासताना आईची अंगठी त्या भोकातून गेली, तेव्हापासून या घरातलं पाणी गाळल्याशिवाय बाहेर पडत नाही. अंगठी परत यायची नाही हे तिलाही ठाऊक आहे. पण नजर गेल्यापासून त्या फडक्यावर तिचा फारच जीव. भांडी झाली की बोटांनी ते चाचपते, काय काय अडकलंय ते मोठ्यानं सांगते, "शीत... देठ... हे काय, तुझ्या बाहीचं बटण," आणि मी हसते. एकवीस वर्षं हसतेय. आज सकाळी पालेभाजीची जुडी नळाखाली धरली, घाईघाईत दोन पाण्यांतून काढली, सवयीनं फडकं झटकायला गेले, तर त्यावरच्या मातीतून एक ठिपका धावला. खसखशीचा एक दाणा तिघांत वाटला तर एकाच्या वाट्याला येईल एवढा. धावला, थांबला, पुढचे दोन पाय उचलून हवेत चाचपलं, वळला, पुन्हा धावला. दुसऱ्या कुणाला तो दिसलाही नसता. मी सव्वीस वर्षं पोटासाठी याच जनावरांकडे बघते आहे. मला चालीवरून कळतं. भाजीवरचा मावा खायला आलेल्यांतला नव्हता तो, त्याहून बारीक शिकारीवरचा, भक्षक माइट. आणि मी नळ बंद करायचं विसरले.

"काय गं, काय पडलं?" आई आतून.

"काही नाही पडलं."

"मग अशी गप्प का? पाणी वाहतंय केव्हाचं."

"आई, धुतलेल्या पाण्यातून माइट आलाय."

"मग? त्यासाठीच तर धुतात."

त्यासाठीच तर धुतात. जिला समोरची वाटी दिसत नाही ती हे भिंतीपलीकडून सांगते, आणि मला, जिच्या टेबलावर तीन सूक्ष्मदर्शक आहेत, तिला ते दोन वर्षांत सुचू नये. मी ओट्याला धरून उभी राहिले. पायातलं बळ गेलं म्हणतात ते खोटं आहे. बळ कुठे जात नाही, ते वर चढतं, मानेपर्यंत, कानांपर्यंत, आणि तिथे जाळ होतो. आधी वाटलं ही भीती आहे. मग कळलं, राग आहे. इतका जुना राग की कधी येऊन घरात बसला तेच आठवेना.

दोन वर्षं, दर महिन्याला, किनाऱ्यावरून पानांच्या पिशव्या येतात. मी त्या टेबलावर उघडते. पण त्याआधी, नव्या सरांच्या हुकमानं, पानं धुते. पांढरा टब, नळ पुरा सोडलेला, पानाच्या दोन्ही बाजू, मग टिपकागदावर वाळवण, मग लेन्स. टबातलं पाणी सिंकमध्ये. त्या सिंकच्या भोकावर फडकं नाही. तिथे कुणाची अंगठी गेलेली नाही ना.

माइट म्हणजे कोळ्याच्या गोतावळ्यातलं आठ पायांचं जनावर. काही पानाचा रस पितात, आणि काही त्या रस पिणाऱ्यांना खातात. हे दुसरे ते माझे. त्यांना डोळे नसतात. पुढचे पाय वर धरून, वास घेत, चाचपत जातात, आणि भक्ष्य हाताला लागलं की सोडत नाहीत. आईची नजर गेली तेव्हा ती घरात तशीच चालायला लागली, दोन हात पुढे, बोटं हलती, दाराच्या चौकटीला विचारत विचारत. मला भडभडून यायच्या ऐवजी ओळखीचं वाटलं. म्हटलं, हिचं निभेल. ज्यांना दिसत नाही त्यांचं निभताना मी पाहिलं आहे.

मी संस्थेत लागले ती बाटल्या धुणारी म्हणून. माझ्या नशिबात धुणंच लिहिलेलं दिसतंय. तेव्हाचे सर, ज्यांना आता सगळे म्हातारे सर म्हणतात, त्यांनी मला काहीच शिकवलं नाही. त्यांनी फक्त पुस्तक बंद करायचं सोडून दिलं. जाताना टेबलावर उघडं ठेवून जायचे. मी जेवणाच्या सुट्टीत डब्याचं झाकण एका हातात आणि शब्दकोश दुसऱ्या हातात धरून वाचायची. पाठीवरचे केस मोजायचे. केस म्हणजे किती, तर जास्तीत जास्त वीस जोड्या, आणि कुठला लांब, कुठला आखूड, कुठला करवतीसारखा यावरून जात ठरते. सहा महिन्यांनी मी भीतभीत म्हटलं, "सर, या काचपट्टीवरची चिठ्ठी चुकलीय. हिचा शेवटचा केस आखूड आहे." सर लेन्सवर वाकले, बराच वेळ वाकलेलेच राहिले, मग म्हणाले, "बाटल्या उद्यापासून दुसऱ्या कुणाला सांगतो." एवढंच. माझी पदवी ती. शिक्का नसलेली. त्यांनी मला कोल्ह्याच्या केसांचा ब्रश दिला, तीन केसांचा, आणि एकच नियम: पान उलटं कर. वरची बाजू लोकांना दाखवायची असते, जे काही चालतं ते खाली चालतं. पान जसं येईल तसं, वाळूसकट, खारासकट, उलटं करायचं आणि ब्रशच्या टोकानं एकेकाला उचलायचं, लहान मुलाच्या डोळ्यातलं कुसळ काढावं तसं.

किनाऱ्यावरची ती पट्टी तेव्हाही कुणाला दिसायची नाही. लोक तिच्यामधून वाट काढून समुद्र बघायला जातात. वाळूवर मर्यादवेल पसरलेली, तिच्या मागे केवड्याची काटेरी गर्दी, मग उंडी, मग वाऱ्यानं एका बाजूला विंचरलेली नाव नसलेली झुडपं, त्यांत अडकलेल्या बाटल्या, कुणाची तरी एक चप्पल. दीड किलोमीटर लांब आणि रस्त्यापर्यंत मोजून साठ पावलं रुंद. त्या साठ पावलांत म्हाताऱ्या सरांना आणि मला तीन वर्षांत भक्षक माइटच्या एकोणीस जाती सापडल्या. बारांना नावं होती, सातांना कुणी कधी नावच दिलेलं नव्हतं, त्यांना आम्ही आकडे दिले. आकडे सरांनी दिले. मी आपली टोपणनावं ठेवली. केवड्यावरची एक लांब केसांची, तिला मी मावशी म्हणायची, कारण ती अंड्याभोवती घिरट्या घालायची आणि कुणाला जवळ येऊ द्यायची नाही. मर्यादवेलीवरची एक पिवळसर, परागकण खाऊन दिवस काढायची, शिकार मिळाली तर उत्तम, नाही तर नाही. तिला म्हणायची पिवळी, आणि मनात म्हणायची, ही मीच. वेलीवरची जात केवड्यावर सापडत नाही, केवड्यावरची उंडीवर नाही. साठ पावलांत तीन शेजार, आणि एकमेकांकडे जाणं-येणं नाही. आमच्या इमारतीसारखंच.

त्या पट्टीवर आता गाड्या उभ्या करायची जागा होणार आहे. त्याआधी नियमाप्रमाणे विचारतात की इथे काय राहतं. पक्षीवाल्यांना पक्षी विचारले, झाडवाल्यांना झाडं. आमच्या विभागाला पानांवरचे माइट. पक्षी उडून जातात, झाडं दुसरीकडेही आहेत, असं ज्याचं त्याचं उत्तर देऊन झालं. दुसरीकडे कुठेही नसणारं काही असेल तर ते आमच्याच कपाटात होतं, काचपट्ट्यांवर, माझ्या अक्षरात. आणि विचारणाऱ्यांना म्हातारं कपाट नको होतं, ताजी तपासणी हवी होती. तोवर म्हातारे सर गेले होते. नवे सर आले होते, बरोबर नवा सूक्ष्मदर्शक. तो आला त्या दिवशी त्यांनी त्याच्यावर स्वतःचा रुमाल पांघरला होता.

"बाई, आधी पानं धुऊन घेत चला. वाळूचा एक कण या लेन्सवर घासला तर मी वर काय तोंड दाखवू?"

"सर, पूर्वी आपण ब्रशनं..."

"पूर्वी कंदिलाच्या उजेडातही वाचायचे लोक." आणि हसले. वाईट हसले नाहीत, चांगलंच हसले, मीही हसले. तेच आज बाहेर येतंय, माझं ते हसणं. त्यांना चूक कळली नाही, त्यांनी आयुष्यात पान धुतलेलं नाही, पानही नाही आणि ताटही नसेल कदाचित. पण मी? मनात कुठेतरी टोचलं होतं. टोचल्यावर मी काय केलं, तर नळ आणखी मोठा सोडला, म्हणजे काम लवकर आटपेल.

पहिल्या महिन्यात दोनच जाती निघाल्या. म्हटलं, वारा असेल. दुसऱ्या महिन्यात त्याच दोन. सहाव्या महिन्यात सरांनी आलेख काढला: एकोणीसवरून दोन. उतरती रेघ. त्या रेघेवर त्यांनी तीन ठिकाणी भाषण दिलं, लोक हळहळले. मीही हळहळले. नुसती नाही, एका संध्याकाळी घरी येऊन न्हाणीघरात बसून रडले. मावशी गेली, पिवळी गेली, आकड्यांचे सातही गेले, नाव मिळायच्या आधीच. आईनं दार वाजवलं. "कोण गेलं गं?" मी म्हटलं, "ओळखीचे होते." तिनं चहा टाकला. दोन वर्षं मी त्यांचं सुतक धरलं, आणि दोन वर्षं दर महिन्याला, स्वतःच्या हातांनी, टब तिरका करून, त्यांना गटारात ओतत होते. ज्यांच्यासाठी डोळे गाळले त्यांना गाळायचं सुचलं नाही. उरत होते ते दोन कोण, तेही आज ओट्याला धरून उभी असताना उमगलं: पानाच्या खाली जिथे शिरा फुटतात तिथल्या केसाळ खोबणीत रुतून बसणारे. त्यांना नळ पोचत नाही. बाकीचे बिचारे उघड्यावर धावणारे.

आणि आज चार वाजता अहवालावर सह्या. उद्या सकाळी तो समितीकडे जाणार. पान एकतीस, शेवटची ओळ: नमुने तपासणारी. तिथे माझं नाव छापलेलं आहे आणि नावाच्या वर सहीसाठी बोटभर मोकळी जागा.

मी दगड बाजूला केले आणि फडकं स्वच्छ धुऊन, पिळून पिशवीत टाकलं.

"फडकं कुठे नेतेस?" आईला आवाजावरून कळतं.

"ऑफिसला."

"तिथे कुणाची अंगठी गेली?"

"मोजायचंय किती गेल्या ते."

ऑफिसच्या आधी बसनं शेवटच्या थांब्यापर्यंत, किनाऱ्यावर गेले. सव्वीस वर्षांत मी पिशव्याच उघडल्या आहेत. पानं तोडायला मला कधी पाठवलं नाही, ते दुसऱ्या टेबलाचं काम. मी इथे पूर्वी यायचे ती रविवारी, पाहुणी म्हणून. उन्हं वर आली होती. पट्टीच्या कडेनं लाल रंगाचे खुंट ठोकलेले, एकेका खुंटाला चिंधी. मी वाकून मर्यादवेलीचं पान उलटं केलं, भिंग लावलं, काढून बाहीला पुसलं. पुन्हा लावलं. पिवळी. तीच, परागकणांवर जगणारी, शिरेच्या कडेनं आरामात चाललेली, जशी काही मधली वर्षं झालीच नाहीत. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मेलेलं माणूस दारात उभं राहिलं तर आधी आनंद होत नाही, आधी विचारावंसं वाटतं, मग मला रडवलं कुणी? मी त्या पानाशी बोलले. काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. एक कुत्रा लांबून बघत होता, तो उठून गेला. वेलीची पंचवीस, केवड्याची पंचवीस, उंडीची पंचवीस पानं घेतली, केवड्यानं मनगट ओरबाडलं, बरं वाटलं. कुणीतरी भांडलं माझ्याशी.

ऑफिसात दीड वाजला. सर फोनवर होते. मी दारात उभी राहिले, हाताला रक्त, चपलांना वाळू, ती त्यांच्या फरशीवर पडत होती आणि मी मुद्दाम पाय हलवत होते.

"बाई, काय हे? आज? सह्या आहेत आज."

"म्हणूनच. सर, पाच मिनिटं या. मला धुताना बघा."

ते आले, कारण नाही म्हणायला कारण सुचेना. मी टब घेतला. नळ पुरा सोडला. वेलीची पंचवीस पानं, एकेक, दोन्ही बाजू, दोन वर्षांच्या सफाईनं, आणि टिपकागदावर मांडली. मग टब उचलला, पण सिंकच्या भोकावर आधी आईचं फडकं घातलं. पाणी निथळलं. फडकं मी माझ्या जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं, ज्याच्या लेन्सवर सव्वीस वर्षांच्या वाळूचे ओरखडे आहेत आणि ज्यातून तरीही दिसतं.

"बघा."

सर वाकले. एक गोष्ट मान्य केली पाहिजे, त्यांना माहिती आहे. दुसरा कुणी असता तर माती म्हणाला असता. ते हलले नाहीत. मी त्यांच्या कानांकडे बघत होते. आधी पाळी लाल झाली, मग वरची कड, मग मान.

"हे सगळे आत्ताच्या पानांवरचे?"

"पंचवीस पानांवरचे. केवडा आणि उंडी अजून पिशवीत आहेत."

"आणि धुतलेली पानं?"

"ती समोर. त्यांवर आपले ते दोन मिळतील."

त्यांनी एक पान उलटं करून नव्या सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. बघितलं. ठेवलं. दुसरं घेतलं. ठेवलं. "किती जाती असतील या फडक्यावर?"

"नावं सांगायला आठवडा लागेल, सर. पारदर्शक करायचे, काचपट्टीवर बसवायचे, केस मोजायचे. पण चार चाली तर मला वेगळ्या दिसतायत. दोन नाहीत एवढं सांगायला हे पुरे."

सर खुर्चीत बसले. चेहरा असा की मला क्षणभर त्यांची दया आली, आणि मग ते म्हणाले, "हे तुम्ही आधी का नाही बोललात?"

दया गेली. असा प्रश्न विचारणाऱ्याला काय सांगावं? की बोलले होते आणि तुम्ही कंदिलावर विनोद केलात? की बोलले होते, पण एकदाच, आणि एकदा बोलणं म्हणजे न बोलणं? की माझ्यासारखी बाई कोणत्या तोंडानं दोनदा बोलते, जिच्या ज्ञानाला कागद नाही, जिला वीस केसांच्या जोड्या येतात आणि साहेबासमोर स्वतःचं वाक्य पूर्ण करता येत नाही?  ओरडले असते तर इमारत हलली असती असं वाटत होतं, आणि तोंडातून निघालं ते एवढंच, "अहवाल थांबवा, सर."

"बाई, उद्या जायचाय तो. दोन वर्षांचं काम आहे, माझी तीन भाषणं..." ते थांबले. "पुरवणी काढू. पुढच्या वर्षी नीट, तुमच्या पद्धतीनं करू, तुमचं नाव वर घालू."

"पुरवणी निघेपर्यंत तिथे गाड्या लागलेल्या असतील."

"तुमची सही ही नुसती तांत्रिक बाब आहे. तुम्हाला कुणी विचारणार नाही."

"तेच तर," मी म्हटलं. "बरं. तांत्रिकच लिहिते."

प्रती पाच होत्या. मी पहिली ओढली, पान एकतीस काढलं आणि माझ्या नावाच्या वरच्या बोटभर जागेत, काचपट्टीच्या चिठ्ठीवर लिहायच्या बारीक अक्षरात लिहिलं. ते अक्षर मला येतं. नखाएवढ्या चिठ्ठीवर झाड, तारीख, जागा, सगळं मावतं. लिहिलं: सर्व पाने तपासणीपूर्वी नळाखाली धुतली. धुतलेले पाणी गाळले नाही, फेकले. भक्षक माइट त्या पाण्यातून गेले. अहवालातला दोन हा आकडा किनाऱ्याचा नाही, धुण्यातून उरलेल्यांचा आहे. पाने धुणारी व पाणी फेकणारी. आणि खाली सही.

"बाई, यानं तुमच्यावरही येईल."

"यायलाच पाहिजे. टब माझ्या हातात होता."

दुसरी प्रत. तिसरी. चौथीला पेन अडला, मी झटकला, शाई त्यांच्या टेबलावर उडाली, मी पुसली नाही. पाचवीवर हात इतका स्थिर होता की माझा मलाच परका वाटला. सरांनी प्रती ओढून घेतल्या नाहीत. सहीही केली नाही. पेनाचं टोपण काढून बसून राहिले. नव्यानं छापून माझं पान बदलायला त्यांना अर्धा तास पुरला असता, हे दोघांनाही माहीत होतं. मी फडकं अल्कोहोलच्या बरणीत घातलं, वर चिठ्ठी लावली, झाड, तारीख, जागा, आणि नोंदवहीत क्रमांक चढवून बरणी कपाटात एकोणिसांच्या शेजारी ठेवली. मग केवडा धुतला. मग उंडी. नव्या बरण्या, टिपकागदाची गाळणी. पाच वाजता निघाले तेव्हा प्रती तशाच होत्या आणि सर माझ्या जुन्या सूक्ष्मदर्शकावर वाकलेले होते, हातात ब्रश, समोर न धुतलेलं एक पान, उलटं. ब्रश कसा धरायचा ते त्यांना येत नव्हतं. मी सांगितलं नाही. उद्या सांगेन. आज माझ्यात तेवढा चांगुलपणा शिल्लक नव्हता.

घरी आले तर आई ओट्याशी, हात सिंकमध्ये. "उघडं भोक आहे सकाळपासून," ती म्हणाली. "भांडी घासली नाहीत मी. काय काय वाहून गेलं असतं कुणास ठाऊक. फडकं कुठाय?"

"कपाटात ठेवलं. नंबर पडलाय त्याला. आता ते मिळायचं नाही."

"विरलेल्या चादरीला नंबर?" तिला हसू आलं. मग बोटांनी माझं मनगट चाचपलं, ओरखड्यावरून बोट शेवटपर्यंत नेलं. "आणि काय सापडलं त्यात?"

मला सांगायचं होतं की पिवळी सापडली, आणि केवड्याच्या पाण्यात मावशी, आई, मावशीसुद्धा. पण आधी ते उघडं भोक झाकायचं होतं. मी आत गेले, कपाटातला माझा नवा अभ्रा काढला, निळ्या फुलांचा, पाहुण्यांसाठी राखलेला, आणि उभा फाडला. आईनं आवाज ऐकला, चारही दगड एकेक करून माझ्या हातात दिले. मी कापड ताणून बसवलं. नळ सोडला. दोघी पाणी खाली जाताना ऐकत उभ्या राहिलो, आणि ते गेल्यावर आधी तिनं हात घातला, मग मी.